सँडब्लास्टिंग : न दिसणारी धूळच जास्त घातक

गंज काढायला वाळूचा मारा केला की कण आपटून फुटतात आणि सिलिकाची पूड उडते. त्यातले काही मायक्रॉनचे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. होतो तो सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी या कामातून वाळू हद्दपार केली. तुर्कस्तानात जीन्स ‘जुनी’ दिसावी म्हणून वाळू मारणारे तरुण कामगार दगावले, तेव्हा कुठे २००९ मध्ये बंदी आली. विटक्या पँटसाठी ही किंमत!

वाळूऐवजी स्टील ग्रिट किंवा गार्नेट वापरता येते. मात्र जुन्या रंगात शिसे असेल, तर ते तरीही हवेत उडतेच. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी. स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेटच हवे, आणि कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा इंजिनाच्या धुरापासून लांब हवी. मारा थांबला तरी धूळ तरंगत राहते. हेल्मेट लगेच काढू नये. कपडे हवेच्या झोताने झटकू नयेत, कामावरच बदलावेत.

भारतात सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. खोकला, धाप असेल तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा.