वृद्धांचे पाय : नखे कापा, पण जपून

सणावाराला, परीक्षेला निघताना घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्या पायांवर आपण डोके ठेवतो, ते पाय नीट पाहणारे घरात सहसा कोणी नसते. आजोबांना वाकता येत नाही, आजींना मोतीबिंदूमुळे दिसत नाही आणि सुनेला किंवा नातवाला नखे कापायला सांगणे संकोचाचे वाटते. मग नखे तशीच वाढतात, नाहीतर दाढीच्या पात्याने कशीबशी कापली जातात.

पिंपळे सौदागरमध्ये शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला आलेले गावाकडचे आईवडील आमच्या दवाखान्यात नेहमी येतात. गावी नराणी घेऊन न्हावी घरी येत असे. इथे ती सोय नाही. अशाच एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना पंधरा वर्षांचा मधुमेह होता. नख मोज्यात अडकते म्हणून त्यांनी ब्लेडने ते कोपऱ्यात खोलवर कापले. जखम झाली, पण दुखले नाही. चार दिवसांनी सुनेला मोज्यावर डाग दिसला, तोवर पू खोल गेला होता. पाय वाचला, पण अंगठा काढावा लागला.

दुखत नाही म्हणून गाफील राहू नका

वेल्लोर येथे 1946 पासून काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके आणि जखमा कळत नाहीत, त्यातून बोटांची हानी होते. मधुमेहात नेमके हेच घडते. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे.

बधिरपणा ओळखण्याची एक सोपी चाचणी इंग्लंडमधील इप्सविचच्या डॉक्टरांनी सुचवली आहे. आजोबांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. स्पर्श जाणवला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा आणि यापुढे त्यांची नखे त्यांना स्वतः कापू देऊ नका.

नखे कशी कापावीत?

आंघोळीनंतर नखे मऊ असतात, तेव्हा पाय कोरडे करून चांगल्या उजेडात बसा. स्वच्छ नेलकटरने थोडे थोडे, सरळ रेषेत कापा. कोपरे गोल करून आत खोदू नका. तिथूनच नख मांसात रुतते आणि नखुरडे होते. थोडी पांढरी कड राहू द्या आणि धार कानशीने घासा. नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे.

नख जाड, पिवळे, ठिसूळ झाले असेल तर बहुधा बुरशी असते. ते जबरदस्तीने कापू नका. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला 12 ते 18 महिने लागतात, त्यामुळे उपचारही लांबतात. त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

हे टाळा

कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर औषधी पट्टी चिकटवणे, पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, हे बधिर पायाला घातक आहे. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नका. मोजे घाला किंवा सकाळी लवकर जा. वारीला जाणाऱ्या मधुमेही माउलींनीही अनवाणी चालण्याचा आग्रह धरू नये. भेगांना खोबरेल किंवा कोकमतेल लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, रुंद आणि मऊ तळाची चप्पल घ्या. ती संध्याकाळी विकत घ्यावी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा आहे का पाहा. आणि तंबाखू, विडी सोडा. पायाचा रक्तपुरवठा त्यानेही कमी होतो.

कधी थांबायचे नाही?

मधुमेही व्यक्तीच्या पायाला फोड, जखम, पू, दुर्गंधी किंवा काळेपणा दिसला, पाय अचानक गरम होऊन सुजला, किंवा थंडगार आणि पांढरा पडला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना भरून वाट पाहू नका. आपल्या भागातील लोकांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहे.

एरवी रोज रात्री पाच मिनिटे पुरतात. वाकता येत नसेल तर तळपाय आरशात पाहावेत, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.