स्पिन शिकवणारा नौदलाचा वैमानिक

अमेरिकी विमानशिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडचे लेखक राइट बंधूंवरून एकदम जेट युगात येतात आणि मधल्या शिक्षकांना एका ओळीत उरकतात. त्या शिक्षकांत माझ्या लेखी विल्यम केर्शनर यांची जागा फार वरची आहे. टेनेसी राज्यातल्या या माणसानं १९४५ मध्ये, शाळकरी वयात विमान हाती घेतलं. पुढे नौदलात विमानवाहू जहाजावरून रात्री उडणाऱ्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये काम केलं आणि गणवेश उतरवल्यावर जन्मभर नवशिक्यांना शिकवलं. पायपर विमान कंपनीतली नोकरी, १९९२ चा राष्ट्रीय सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान, हे सगळं आहेच. पण त्यांचं खरं काम टेनेसीतल्याच सेवानीच्या छोट्या विमानतळावर झालं. तिथल्या कसरतीच्या शाळेत ते दोन आसनांच्या सेसना १५२ एरोबॅटमधून विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली कोसळण्याच्या अवस्थेत, नेत आणि त्यालाच बाहेर काढायला लावत. स्पिन गाळून वैमानिक घडवता येतो, हा गेल्या पाऊणशे वर्षांतला मोठा गैरसमज आहे, आणि त्याला नौदलातून आलेल्या माणसानं विरोध करावा यात काही योगायोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

जमिनीवर उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी लांब मिळते, म्हणून तो उतरताना थोडा जास्त वेग राखून निर्धास्त राहू शकतो. जहाजाच्या डेकवर ती चैन नाही. तिथे स्टॉलच्या, म्हणजे पंख उचल सोडतो त्या वेगाच्या, जरा वर, हळू आणि खाली उडत यावं लागतं. नाकाच्या कलानं अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) आणि वेग सांभाळायचा, इंजिनाच्या जोरानं उतरण्याचा दर. त्या पिढीच्या नौदलातलं कोर्सेअर विमान तर याची कठोर परीक्षाच घेई. लांबलचक नाकामुळे समोरचा डेक दिसेना, आणि स्टॉल जवळ आला की डावा पंख आधी खाली जाई. उपाय निघाला तो किती साधा: उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी बसवली, म्हणजे तो पंखही डाव्याच्या बरोबरीनं उचल सोडेल. हेच कोर्सेअर कारखान्याच्या वतीनं चाचणीसाठी उडवणाऱ्या वोल्फगांग लांगेविशे यांनी १९४४ च्या ‘स्टिक अँड रडर’मध्ये पंख वेगामुळे नव्हे, कोनामुळे स्टॉल होतो, हे सामान्य वैमानिकाला पटवून दिलं. केर्शनर यांच्या १९६० च्या ‘स्टुडंट पायलट्स फ्लाइट मॅन्युअल’नं, स्वतः काढलेल्या गमतीदार चित्रांसह, तेच ज्ञान पहिल्या धड्यापासून नवशिक्याच्या हाती दिलं. मधल्या काळात निघालेली बाकीची बहुतेक पाठ्यपुस्तकं परीक्षेपुरती होती; त्यांच्यावर जागा खर्च करण्यात अर्थ नाही.

आता स्पिन म्हणजे नेमकं काय घडतं ते पाहा. थ्रॉटल बंद, स्टिक पूर्ण मागे, पंख उचल सोडू लागला की एका बाजूचा रडर पूर्ण दाबायचा. विमान त्या बाजूला कोलमडतं, नाक खाली जातं, क्षितिज नाहीसं होतं आणि समोरच्या काचेत शेतं फिरू लागतात. वेगाचा काटा मात्र खालीच अडकून राहतो. तो वाढत गेला तर तो स्पायरल, स्पिन नव्हे. जमीन समोर दिसत असल्यानं नवशिक्याचा हात आपोआप स्टिक मागे ओढतो आणि तीच ओढ पंखाला स्टॉलमध्ये धरून ठेवते. सुटका उलट दिशेच्या पूर्ण रडरनं आणि स्टिक पुढे ढकलण्यानं होते. एका फेऱ्याच्या स्पिनला, सुटकेसह, सुमारे १००० फूट उंची खर्ची पडते, आणि विरोधकांचा मुख्य मुद्दा नेमका इथे आहे. ते म्हणतात, जीवघेणे स्पिन उतरण्याच्या शेवटच्या वळणावर होतात, तिथे एवढी उंचीच नसते, मग सुटका शिकवून उपयोग काय? शिवाय १९४९ मध्ये अमेरिकेनं खासगी परवान्यातून स्पिन वगळला तेव्हा सरावातच माणसं मरत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो शिक्षण नीट करण्याचा, सोडून देण्याचा नव्हे. सुटका हा स्पिनच्या धड्याचा निम्माच भाग. शेवटच्या वळणावर धावपट्टी हुकतेय म्हणून रडर जास्त दाबून नाक ओढून घेणारा हात पुढे काय घडवणार, हे ज्यानं ५००० फुटांवर अंगानं अनुभवलं आहे, तो ५०० फुटांवर तो हात वेळीच आवरतो.

२००९ च्या दोन अपघातांनी हा वाद प्रवासी विमानांपर्यंत नेला. फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन कंपनीचं विमान आणि १ जूनला अटलांटिकवर एअर फ्रान्सचं विमान, दोन्हीकडे स्टॉलमध्ये असताना स्टिक मागेच ओढली गेली. अनुभवी वैमानिकांनाही शिकवलं होतं ते स्टॉलच्या उंबरठ्यावरून कमीत कमी उंची गमावत परतणं. खऱ्या स्टॉलमध्ये उंची देऊन कोन कमी करणं नव्हे. त्यानंतर नियम बदलले, आणि युरोपनं २०१९ च्या अखेरीस व्यावसायिक वैमानिकांसाठी खऱ्या विमानातलं असं प्रशिक्षण सक्तीचं केलं. सिम्युलेटर पुरेसा आहे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्यात आसनाखालून वजन सुटत नाही आणि घसा कोरडा पडत नाही. बारामती-गोंदियाच्या विमानशाळांकडे मुलांना पाठवणारे आपले पालक परवान्याचे तास आणि विमान कंपनीची नोकरी एवढंच विचारतात. प्रशिक्षकानं स्वतः किती स्पिन केले, हे विचारणारा विरळा. अमेरिकेत आजही फक्त प्रशिक्षक होणाऱ्यालाच स्पिन शिकावा लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी एका दुपारच्या दोन-चार फेऱ्यांवर सही मिळते. अशा प्रशिक्षकाचा स्वतःचा हात अजून घाबरलेलाच असतो, मग तो विद्यार्थ्याला स्टॉलच्या जवळसुद्धा नेत नाही. केर्शनर २००७ मध्ये वारले. त्यांचं सेसना १५२ अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवार-हेझी केंद्रात ठेवलं आहे, पण त्या विमानात जे शिकवलं जाई ते शाळांच्या अभ्यासक्रमात परत आणणं अजून बाकी आहे.