पाण्याला वाट दाखवणारं चाक

घोटीत आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, स्पोक ताणून चाकाचा आऊट काढायचा, हा आमचा धंदा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेपुरतं दुकान बंद, एरवी दिवसभर उघडं. भाड्याची सायकल परत आली की अब्बा आधी टायर बघायचे. तांबडी माती दिसली की म्हणायचे, "डोंगराकडं गेला होतास." काळा चिखल दिसला तर, "भाताच्या बांधावरून आलास." गिऱ्हाईक चकित व्हायचं. अब्बा म्हणायचे, "चाक खोटं बोलत नाही. जिथून जातं तिथलं काहीतरी घेऊन येतं." चाक जिथून जातं तिथं काहीतरी ठेवूनही येतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याचीच ही हकिकत.

आता रविवारी सकाळी घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यावर पाहिलं, तर गिअरच्या सायकलींची रांगच दिसते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण केली. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात सायकलीला वेगळीच प्रतिष्ठा आली. त्यातले काहीजण डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या पायवाटेला लागतात. माझा भाचा त्यांतलाच. मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "मामू, चला, तुम्हालाही एक सायकल घेऊ."

ही जाड टायरची डोंगरी सायकल आली कुठून? १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली डोंगरावर चढवल्या आणि मातीच्या उतारावरून सोडल्या. १९७६ पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग तो उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणं. अब्बा असते तर या नावावर खूष झाले असते. पुढं खास डोंगरासाठी सांगाडे बनू लागले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

गिअरचं गणितही सोपं आहे. साध्या काळ्या सायकलीला पुढं ४८ आणि मागं १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक अडीच फेऱ्यांहून जास्त फिरतं. सपाटीला उत्तम, पण चढावर छाती फुटते. डोंगरी सायकलीला पुढं २२ आणि मागं ३४ दाते लावले की एका फेरीत चाक पाऊण फेरीसुद्धा फिरत नाही. वेग जातो, पण माझ्यासारखा साखरेचा माणूसही चढ चढतो.

इंग्लंडमध्ये या सायकलस्वारांचा आवडता मुलूख म्हणजे दक्षिणेकडच्या पांढऱ्या टेकड्या. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटरची 'साउथ डाउन्स वे' ही वाट या टेकड्यांच्या माथ्यावरून जाते. या टेकड्या आहेत खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जिवांची कवचं साचत गेली, त्यांचा हा दगड. आणि गंमत पाहा, खडू साचण्याचा तो काळ संपत आला, त्याच सुमाराला, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडं जमिनीतून लाव्हा उसळत होता. त्याच्या थरांवर थर बसून आपला सह्याद्री झाला. त्यांचा डोंगर पाण्यातून आला, आपला आगीतून.

हा फरक सायकलवाल्याला माहीत हवा. खडूचा दगड पाणी पिऊन टाकतो. आपल्या काळ्या फत्तरात त्या मानानं फार थोडं पाणी मुरतं. वर मातीचा पातळ थर, आणि शेजारच्या इगतपुरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांतच. एवढं पाणी उतरायला वाट शोधतच असतं.

ती वाट आम्ही दाखवली. जुलैचा पहिला पंधरवडा होता. घोटीच्या दक्षिणेला कळसूबाईच्या रांगेतल्या एका वाडीवरून मी आणि भाचा पायवाटेनं खाली उतरलो. उतार तीव्र, माती ओली. मी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक फिरायचं थांबलं आणि घसरत गेलं. शे-दीडशे पावलं आमच्या टायरांनी वाटेच्या मधोमध खोल रेघ ओढली. खाली आल्यावर आम्ही हसलो, फोटो काढले, घरी आलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर त्या रेघेची घळ झाली होती. वाडीतली एक आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन कडेकडेनं, एका हातानं गवत धरत उतरत होती. आमच्या सायकली बघून थांबली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमच्या चाकानं पाण्याला वाट दावली. आता आमी कुटून जायाचं?"

मी कवी माणूस, शब्दांवर जगतो. पण त्या दोन वाक्यांपुढं माझ्याकडं एक शब्द नव्हता. आमचा तो रविवार होता. तिची ती रोजची वाट होती. त्याच वाटेनं हंडे येतात, शाळेची पोरं उतरतात, आजारी माणसाला झोळी करून खाली आणतात.

पुढच्या रविवारी आम्ही सायकली घरी ठेवून गेलो. वाडीतल्या लोकांनीच उपाय दाखवला. वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं दगडांची रांग रोवायची, पण सरळ आडवी नाही, तिरकी. पाणी दगडाला अडतं आणि वेग धरायच्या आत बाजूच्या गवतात निघून जातं. आम्ही दिवसभर दगड वाहिले. वाट पूर्ववत झाली नाही, पण घळ वाढायची थांबली.

इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्यानं सायकलस्वारांना घोडवाटांवरून जायचा हक्क मिळाला, पण एका अटीवर. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. हक्क आणि अदब एकाच कलमात. आपल्या पायवाटांना असं कलम नाही, म्हणून अदब आपणच बरोबर न्यायची. पावसाळ्यात मातीच्या पायवाटेवर चाक घालू नये, डांबरी रस्ता आहेच. दिवाळीनंतर माती घट्ट झाली की जावं. उतारावर दोन्ही ब्रेक हलके, आलटून पालटून दाबावेत, चाक घसरू देऊ नये. मोळीवाली समोर आली की उतरून बाजूला उभं राहावं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरायचं तर वन विभागाची परवानगी घ्यावी.

आणि देवराईत सायकल चालवूच नये. देवाच्या नावानं राखलेली ही जुनी राने. रूढी अशी की तिथं कुऱ्हाड चालत नाही, कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेनं केवढी वनसंपदा वाचवली ते जगापुढं आलं. तिथल्या पाचोळ्याखालच्या भुसभुशीत मातीत रोपं उगवत असतात. एका टायरखाली किती दबतात, ते दिसतही नाही. मशिदीच्या दारात चप्पल काढायला मला कुणी शिकवावं लागत नाही. देवराईच्या कडेला सायकल झाडाला टेकवून मी तसाच पायी आत जातो.

आता घरी आलो की मीही अब्बांसारखा आधी टायर बघतो. तांबडी माती चिकटलेली असली की मनात प्रश्न येतो, ही कुणाच्या वाटेची?