कुरणाखालचा दगडी थर : शुष्क प्रदेशातील मृदांची ओळख आणि वर्गवारी

जमिनीची प्रत ठरवताना तिचा रंग, पोत आणि उतार बहुधा आधी पाहिले जातात. परंतु जेथे वर्षभरात जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, अशा शुष्क चराऊ रानांत पृष्ठभागाखाली हात-दीड हातावर दडलेला एक कठीण थर या तिन्ही गोष्टींपेक्षा अधिक निर्णायक ठरतो. हा थर म्हणजे मूळचा खडक नव्हे. वाळू, माती आणि खडे चुनखडीने, सिलिकाने किंवा जिप्समने एकमेकांशी सांधले जाऊन तो जमिनीच्या पोटातच घडलेला असतो आणि एकदा घडला की कितीही भिजला तरी मऊ पडत नाही. वारंवार नांगरट केल्याने किंवा अवजड यंत्रे फिरल्याने शेतात जो घट्ट थर तयार होतो, तो केवळ दाबामुळे घट्ट झालेला असल्याने योग्य मशागतीने मोडता येतो; येथे मात्र कणांना रासायनिक बंधाने जखडून टाकलेले असते आणि त्या कामी हजारो वर्षे खर्ची पडलेली असतात. म्हणूनच अशा जमिनीला नुसते ‘हलकी’ किंवा ‘कठीण’ म्हणणे पुरेसे ठरत नाही. तो थर किती खोल आहे, कशाने सांधला आहे, किती पक्का आहे आणि त्याला भेगा आहेत की नाहीत, हे नोंदवल्यावरच त्या जमिनीची खरी ओळख पटते.

अशा मृदांचा सर्वांत कसून अभ्यास जेथे झाला, त्यांत अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील लास क्रुसेस शहराच्या परिसराचे स्थान अग्रभागी आहे. रिओ ग्रांदे नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा प्रदेश चिवावा वाळवंटाच्या उत्तर भागात मोडतो आणि त्यातील बरीचशी जमीन पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारण्यासाठी वापरली जात आहे. अमेरिकेच्या मृदा संधारण विभागाने 1957 ते 1972 या काळात येथे एक दीर्घ संशोधन प्रकल्प चालवला. लेलंड गाइल, रॉबर्ट ग्रॉसमन, जॉन हॉली, रॉबर्ट रूही, फ्रेडरिक पीटरसन अशा मृदाशास्त्रज्ञांनी आणि भूरूपशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या भूपृष्ठांवर खड्डे खणून जमिनीचे उभे छेद तपासले आणि चुनखडीचा थर कसकसा वाढत जातो याचा माग काढला. स्थानिक बोलीत या थराला ‘कॅलिची’ म्हणतात. आज जगभरच्या मृदा सर्वेक्षणात त्याचे वर्णन ज्या चौकटीत केले जाते, ती बऱ्याच अंशी या प्रकल्पातून आकाराला आली.

थर घडतो कसा?

हा चुना खालच्या खडकातूनच आला असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु ज्या भूपृष्ठांवरील मूळ खडकांत कॅल्शियमचे प्रमाण अगदी कमी आहे, तेथेही चुनखडीचे जाड थर सापडल्याने हा समज टिकला नाही. कॅल्शियम मुख्यतः वाऱ्याने आणलेल्या धुळीतून आणि पावसाच्या पाण्यातून येते. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू मातीतील पाण्यात विरघळला की ते पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि चुन्याचे कण विरघळवून आपल्याबरोबर खाली नेते. ओल्या हवामानात हे पाणी थेट भूजलापर्यंत पोहोचते व चुना वाहून जातो. शुष्क प्रदेशात मात्र पाऊस जमिनीत ठरावीक खोलीपर्यंतच मुरतो, तेथून ते पाणी मुळे शोषून घेतात किंवा ते उडून जाते, आणि मागे उरलेला चुना त्याच खोलीवर साचतो. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी जसा क्षारांचा पापुद्रा हळूहळू जाड होत जातो, तसाच हा साठा वाढत राहतो. फरक इतकाच की येथे त्याला शेकडो शतकांचा अवधी मिळतो.

गाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात चुन्याचे बारीक पांढरे धागे मातीत दिसतात, अथवा खड्यांच्या खालच्या अंगाला पातळ लेप चढलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात मातीत चुनखडीच्या गाठी तयार होतात, आणि खडेगोटे असतील तर त्यांच्यावरचे लेप जाड होऊन मधल्या फटी भरू लागतात. तिसऱ्या टप्प्यात बहुतेक सर्व पोकळ्या चुन्याने बुजतात आणि थर सलग होतो. आणि पोकळ्याच बुजल्याने पाणी खाली उतरेनासे झाले की चौथ्या टप्प्यात ते थराच्या माथ्यावर अडून आडवे पसरते व तेथे जवळजवळ शुद्ध चुन्याचे, कागदाच्या घड्यांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक बसतात. खडकाळ जमिनीत भरायच्या पोकळ्या मुळातच कमी असल्याने तेथे ही वाटचाल लवकर पुरी होते, तर बारीक मातीच्या जमिनीत ती रेंगाळते. अतिप्राचीन थर पुन्हा फुटतात, त्यांचे तुकडे नव्याने सांधले जातात आणि त्यांत गोलसर दाणे बनतात. या अवस्था सामावून घेण्यासाठी पुढे मायकेल मॅशेट यांनी टप्प्यांची संख्या सहापर्यंत नेली.

या टप्प्यांमुळे भूपृष्ठाचे वय अजमावण्याचे एक साधनही हाती आले. लास क्रुसेसच्या परिसरात गेल्या काही हजार वर्षांत साचलेल्या गाळावर केवळ पहिल्या टप्प्याचे धागे दिसतात, तर नदीने कित्येक लाख वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या ‘ला मेसा’ या विस्तीर्ण पठारावर थर चौथ्या टप्प्यापर्यंत किंवा त्याही पुढे पोहोचलेला आढळतो.

खड्ड्यातील तपासणी

मृदेचे वर्णन प्रयोगशाळेत नव्हे, तर खड्ड्यात उतरून सुरू होते. उन्हाच्या दिशेने असलेली भिंत चाकूने तासून घेतली की थरांची मांडणी उघड होते : वर तपकिरी, वाळूमिश्रित, भुसभुशीत माती; तिच्याखाली पांढरट ठिपके आणि गाठी; आणि मग एकाएकी, बहुधा स्पष्ट सीमारेषेने सुरू होणारा पांढरा किंवा गुलाबीसर कठीण थर. या सीमेवर गवताच्या मुळांचे वर्तन बारकाईने पाहावे लागते. सरळ खाली आलेली मुळे थराच्या माथ्यावर येताच काटकोनात वळतात, चपटी होऊन जाळीसारखी आडवी पसरतात, आणि एखादी उभी भेग सापडली तरच तिच्यातून खाली शिरतात. अशा भेगांमधील आडवे अंतर मोजून नोंदवले जाते, कारण ते सरासरी 10 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तरच तो थर मुळांना अडवणारा मानला जातो. भेगा याहून दाट असतील तर मुळांना वाट मिळते आणि जमिनीचे वर्तनच बदलते.

थर खरोखर सांधलेला आहे की केवळ वाळून टणक झाला आहे, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. वाळलेले ढेकूळ पाण्यात बुडवून ठेवले असता ते विरघळून चिखल झाले, तर तो सांधलेला थर नव्हे. तसेच राहिले, तर तो सांधलेला. मग ते बोटांनी फुटते, दोन्ही हातांनी फुटते, पायाखाली फुटते की त्यासाठी हातोडाच लागतो, यावरून त्याच्या पक्केपणाची श्रेणी ठरते. यानंतरची कसोटी सांधणाऱ्या द्रव्याची. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच जोरात फसफस झाली, तर चुना आहे एवढे कळते. पण तेवढ्यावर निर्णय देता येत नाही, कारण सिलिकाने सांधलेल्या थरातही थोडाफार चुना असू शकतो. म्हणून तुकडे आम्लात दीर्घकाळ भिजवले जातात. त्यांतील निम्म्याहून अधिक भाग सुटा झाला, तर बंध चुन्याचा. निम्म्याहून अधिक भाग शाबूत राहून दाहक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीत, किंवा आळीपाळीने आम्लात व अल्कलीत ठेवल्यावरच सुटला, तर बंध सिलिकाचा. पहिल्या प्रकारच्या थराला ‘पेट्रोकॅल्सिक’ आणि दुसऱ्याला ‘ड्युरिपॅन’ अशी संज्ञा आहे. ड्युरिपॅन विशेषतः ज्वालामुखीय राखेचा पुरवठा असलेल्या प्रदेशांत, उदाहरणार्थ नेवाडा राज्यात, मोठ्या प्रमाणावर आढळतात, कारण अशी राख विघटित होताना सिलिका सहज मोकळी करते.

या साऱ्या नोंदी थोडक्यात लिहिण्यासाठी अक्षरचिन्हे ठरलेली आहेत. वरच्या थराला ‘ए’, त्याखालच्या बदललेल्या थराला ‘बी’, चुन्याच्या साठ्याला ‘के’, सिलिकाच्या साठ्याला ‘क्यू’ आणि सांधलेपणाला ‘एम’ अशी ती चिन्हे असून ‘बी-के-एम’ एवढे वाचताच जाणकाराला चुन्याने सांधलेला थर उमगतो. चुन्याने पूर्ण व्यापलेला थर इतका वेगळा दिसतो की गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी 1965 मध्ये त्यासाठी ‘के’ नावाचा स्वतंत्र प्रमुख थरच सुचवला होता. अमेरिकेच्या अधिकृत पद्धतीत तो स्वीकारला गेला नाही, पण भूशास्त्रीय लेखनात ती संज्ञा आजही भेटते.

नाव ठरवण्याची रीत

वर्णन पुरे झाल्यावर वर्गीकरण येते. अमेरिकेत 1975 मध्ये प्रसिद्ध झालेली आणि 1999 मध्ये सुधारलेली ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ ही पद्धत जगातील सर्व मृदांना 12 गणांत विभागते. त्यांपैकी शुष्क प्रदेशातील मृदांच्या गणाचे नाव ‘ॲरिडिसॉल’. या गणाच्या सात उपगणांत सिलिकाने सांधलेल्या मृदांना ‘ड्युरिड’ आणि चुनायुक्त मृदांना ‘कॅल्सिड’ म्हटले जाते, आणि ज्या कॅल्सिड मृदांत पेट्रोकॅल्सिक थर पृष्ठभागापासून 100 सेंटिमीटरच्या आत सुरू होतो, त्या ‘पेट्रोकॅल्सिड’ ठरतात. येथे खोलीच्या मापाला किती महत्त्व आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. एखाद्या मृदेत चिकणमाती साचलेला थर असून त्याखालचा पेट्रोकॅल्सिक थर 100 सेंटिमीटरच्या आत असेल, तर ती कॅल्सिड उपगणात जाते. तोच थर 100 ते 150 सेंटिमीटरच्या दरम्यान असेल, तर तीच मृदा ‘आर्जिड’ उपगणात जाऊन ‘पेट्रोआर्जिड’ म्हणवली जाते. त्याखालच्या पातळीवर पोत, खनिजे आणि तापमान यांची भर पडते, आणि मुळांना अडवणारा थर 50 सेंटिमीटरच्या आत असल्यास नावात ‘उथळ’ हा शब्दही येतो. अशा तऱ्हेने नाव वाचूनच जमिनीच्या अंतरंगाचा आराखडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

या काटेकोरपणाचा उपयोग कुरणाच्या व्यवस्थापनात होतो. लास क्रुसेसजवळच 1912 मध्ये स्थापन झालेल्या होर्नाडा प्रायोगिक कुरणात वर्षाकाठी सरासरी सुमारे 245 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील भूमापनाच्या नोंदींत जेथे उत्तम गवत असल्याचा उल्लेख आहे, अशा बऱ्याच जमिनीवर अतिचराई आणि दुष्काळ यांच्या माऱ्याने आज मेस्किटची काटेरी झुडपे पसरली आहेत. तेथील कुरणांची वर्गवारी करताना वाळूखालचा कठीण थर उथळ आहे की खोल, यावरून स्वतंत्र प्रकार मानले जातात, कारण त्यांवरील गवत, त्याची वाढ आणि उजाड झाल्यावर सावरण्याची शक्ती वेगवेगळी असते.

याच कुरणातील संशोधनाने एक जुनी समजूतही दुरुस्त केली. कठीण थर म्हणजे पाण्याला आणि मुळांना अडवणारी निव्वळ आडकाठी, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिचीवरील प्रयोगांतून, आणि पुढे मायकेल डनिवे, जेफ्री हेरिक व कर्टिस मंगर यांच्या 2007 मधील अभ्यासातून असे दिसून आले की या थराच्या अतिसूक्ष्म छिद्रांत बरेच पाणी मुरते आणि ते वनस्पतींना उपलब्धही होऊ शकते. वरची वाळू पावसानंतर लवकर कोरडी पडते. थर मात्र ओल धरून ठेवतो आणि ती सावकाश सोडतो. त्यामुळे उथळ थर असलेली जमीन सरसकट निकृष्ट ठरवणे चुकीचे आहे. यंत्राने तो थर फोडण्यापूर्वी तो कुरणाला पाणी पुरवत नाही ना, हे तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दुहेरी आहे. 1976 मध्ये स्थापन झालेले आणि नागपूर येथे मुख्यालय असलेले राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्र भारतातील मृदांच्या वर्णनासाठी याच पद्धतीचा आधार घेते. दुसरे असे की राजस्थानच्या शुष्क भागात चुनखडीने सांधलेले थर आढळत असले, तरी दख्खनच्या पठारावर ‘खाली कठीण लागते’ असे म्हटले जाते तेव्हा ते कठीण बहुधा निराळे असते : ते झिजत चाललेल्या बेसाल्टचा मुरूम असेल, अखंड काळा कातळ असेल किंवा काळ्या मातीत सुटे पडलेले चुनखडीचे खडे असतील. कोकण आणि गोव्यातील सड्यांवरचा जांभा तर लोहाच्या ऑक्साइडने टणक झालेला आहे आणि त्याची घडण भरपूर पावसात झालेली आहे. मुरूम फोडता येतो आणि त्यात फळझाडेही तग धरतात. कातळ आणि जांभा यांना वेगळे उपाय लागतात. एकाच शब्दात या सर्वांची गणना केली, तर गायरानाच्या विकासासाठी, वृक्षलागवडीसाठी किंवा चर खणण्यासाठी केलेला खर्च वाया जाण्याचा धोका राहतो.

म्हणून ग्रामपंचायतींनी, वनविभागाने आणि पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या संस्थांनी माळरानावर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ठिकठिकाणी किमान मीटरभर खोल खड्डे घेऊन खालच्या कठीण थराची खोली, भेगा, पक्केपणा आणि सांधणारे द्रव्य यांची लेखी नोंद करावी. त्यासाठी लागणारी साधने एक कुदळ, एक मोजपट्टी, बादलीभर पाणी आणि आम्लाची लहानशी बाटली एवढीच आहेत.