एक्स-रे खोलीची भिंत कोणासाठी?

मी एका छोट्या खासगी दवाखान्यात नर्स होते. तिथे पेशंटचे बाकडे एक्स-रे खोलीच्या दाराला लागूनच होते. दार साध्या प्लायवूडचे, आणि उन्हाळ्यात उकडते म्हणून तेही अर्धे उघडे. झाडलोट झाली की मावशी त्याच बाकड्यावर टेकायच्या. "मावशी, इथे नका बसू," एवढेच मी म्हणायचे. दार असे का, हे मालकाला विचारायचे मात्र मला सुचले नाही.

एक्स-रे काढताना काही किरण पेशंटच्या अंगावर आपटून चहूकडे विखुरतात. ते दिसत नाहीत, जाणवत नाहीत. पडदा, लाकूड, प्लायवूड त्यांना पुरेसे अडवत नाही. अडवते ते भरीव, जड साहित्य : वीट, काँक्रीट, शिसे. पेशंटला या किरणांच्या बदल्यात आजाराचे निदान तरी मिळते. बाहेर बसलेल्याला काहीच मिळत नाही. एका वेळचा डोस अगदी थोडा असतो. पण रोज तिथेच काम करणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय आणि भिंतीपलीकडे राहणारे कुटुंब यांच्या बाबतीत थोड्याथोड्याची बेरीज होते. म्हणून सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा ठरवलेली आहे. भिंत ही मर्यादा पाळण्यासाठीच असते.

आपल्या देशात हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ (एईआरबी) ठरवते. मशीन चालवण्याआधी मंडळाची परवानगी घ्यावी लागते. साध्या एक्स-रे खोलीत साधारण पुढील गोष्टी हव्यात :

१) भिंत : निदान ९ इंच (२३ सें.मी.) भरीव विटेची किंवा तेवढाच अटकाव करणारी. छातीचा एक्स-रे काढतात त्या स्टँडमागच्या भिंतीवर थेट झोत पडतो, म्हणून तिथे विशेष काळजी हवी. गाळ्यात मधे घातलेली चार इंची भिंत किंवा पार्टिशन चालत नाही.

२) दार : आतून सुमारे १.७ मि.मी. जाडीचा शिशाचा पत्रा. दार आणि चौकट यांच्यामध्ये फट नको.

३) खिडकी, झरोका : शिशाचा आडोसा नसेल तर बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर.

४) आत : टेक्निशियनसाठी शिशाची काच असलेला आडोसा आणि किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज.

५) बाहेर : मशीन चालू असताना पेटणारा लाल दिवा, धोक्याची खूण, आणि गरोदर बायांनी आधी सांगावे अशी सूचना.

खोलीच्या वर किंवा खाली कोणी राहत असेल तर स्लॅबचाही विचार करावा लागतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मशीन बंद झाले की खोलीत किरण उरत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नका. टीबी किंवा मोडलेले हाड अंगावर काढणे जास्त महागात पडते.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की दार बंद होते का, ते पाहा. बाकडे दारापासून लांब सरकवायला सांगा. सोबत आलेल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला दूर बसवा. एईआरबीची परवानगी आहे का, हे मोकळेपणाने विचारा. तुमच्या घराशेजारी एक्स-रे सेंटर होत असेल, तर भिंत बांधून होण्याआधीच विचारा. आणि तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनाही हे सांगा. मी तेव्हा अर्धेच सांगितले होते.