समुद्राजवळच्या नव्या इमारतीत घर मिळाले, आता सोसायटी कशी चालवाल?

पुनर्विकासातून किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून तुम्हाला घर मिळाले असेल, तर चावी हातात आल्यावर योजनेतील शासनाचे मुख्य काम जवळजवळ संपते. त्यानंतर इमारत चालवण्याची जबाबदारी तुमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची, म्हणजे तुमची आणि शेजाऱ्यांची असते. घर मोफत मिळाले तरी लिफ्ट, पंप, पहारेकरी, जिन्यातले दिवे यांचा खर्च दर महिन्याला येतोच. इमारत समुद्राजवळ असेल तर एक खर्च आणखी वाढतो, आणि तो सुरुवातीची काही वर्षे डोळ्यांना दिसत नाही. हा लेख मुख्यतः त्या खर्चाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून वरळीची बीडीडी चाळ घेऊ. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या. त्यांतल्या 121 एकट्या वरळीत, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. साधारण 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक शौचालय, नाममात्र भाडे. म्हाडामार्फत होत असलेल्या पुनर्विकासात त्याच कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरे मालकी हक्काने, मोफत मिळत आहेत. वरळीतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या 14 ऑगस्ट 2025 रोजी देण्यात आल्या. तीन मजले चढून जाणारी कुटुंबे आता उंच टॉवरमध्ये राहायला जात आहेत. चाळीत गळती झाली की सरकारी कार्यालयात तक्रार करायची सवय होती. नव्या इमारतीत ती तक्रार ज्या कार्यालयात जाईल, त्या कार्यालयात तुम्हीच बसलेले असाल.

करोल बागेत राहत असाल तर

सांगली-साताऱ्याकडील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त दिल्लीत करोल बागेत स्थायिक आहेत. यांपैकी काहींची वडिलोपार्जित खोली मुंबईत असते आणि तिच्या बदल्यात नवे घर मिळते. दिल्लीत तुम्ही गल्लीची रहिवासी कल्याण संघटना, म्हणजे आरडब्ल्यूए पाहिली असेल. मुंबईतील सोसायटीला तसेच काहीतरी समजू नका. आरडब्ल्यूए बहुधा 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिची वर्गणी बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असल्यासारखी चालते. मुंबईतील सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते. 2019 मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. देखभाल शुल्क थकवले तर निबंधक वसुली दाखला देऊ शकतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. “मी तिथे राहतच नाही, मग पैसे का भरू?” हे कारण इथे चालत नाही.

दर महिन्याचे बिल कसे ठरते?

सगळ्यात जास्त भांडणे याच मुद्द्यावर होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. नमुना उपविधींप्रमाणे पहारेकरी, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च हे सेवा शुल्क सर्व घरांना समान असते. घर मोठे की छोटे, कितव्या मजल्यावर, याने फरक पडत नाही. लिफ्टचा खर्चही सर्वांना समान. तळमजल्यावरील सभासद “आम्ही लिफ्ट वापरत नाही” म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे समजण्यासारखे असते, पण उपविधीत त्याला आधार नाही. पाणी मात्र घरातील नळजोडांच्या संख्येप्रमाणे आकारले जाते.

मालमत्ता कराबाबत मुंबईतील लाभार्थ्यांना दिलासा आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता करातून सूट आहे. तुमच्या बिलात तरीही ती रक्कम दिसत असेल तर समितीला लेखी विचारा. पाणीपट्टी वेगळी असते, तिला ही सूट लागू नाही.

याशिवाय दोन निधी बिलात असायलाच हवेत. एक, दुरुस्ती व देखभाल निधी: घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के. दुसरा, सिंकिंग फंड: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के. बांधकाम खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत.

हिशेब करून पाहू. समजा एका घराचा बांधकाम खर्च 15 लाख रुपये आहे. दुरुस्ती निधी वर्षाला 11,250 रुपये आणि सिंकिंग फंड 3,750 रुपये, एकूण 15,000. म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. शंभर घरांची इमारत असेल तर वर्षाला 15 लाख रुपये जमतात. महिना 1,250 ही रक्कम निवृत्त गिरणी कामगाराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात लहान नाही, हे खरे. त्यामुळे पहिल्या सभेत कोणीतरी “सध्या हे दोन्ही राहू द्या, फक्त लिफ्ट-पाण्याचे काढू” असे सुचवते आणि टाळ्या पडतात. हा ठराव करू नका. नंतर लागणारी रक्कम एकदम मागितली जाते, आणि ती भरता न आल्यानेच काही कुटुंबांना मिळालेले घर सोडावे लागते.

“बिल्डरने ठेव ठेवली आहे ना?”

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने देखभालीसाठी घरामागे ठरावीक रक्कम प्राधिकरणाकडे जमा करायची असते. जुन्या नियमात ती 20 हजार रुपये होती, पुढे वाढवण्यात आली. ही ठेव मोडायची नसते, तिचे व्याज वापरायचे असते. 20 हजारांवर 6 टक्के व्याज धरले तर वर्षाला 1,200, महिन्याला 100 रुपये. तेवढ्यात एका घराच्या वाट्याचा लिफ्ट, पंप आणि सामाईक विजेचा खर्च भागत नाही. काही पुनर्विकास प्रकल्पांत सुरुवातीची काही वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते. तुमच्या करारनाम्यात ही मुदत किती आहे आणि तिच्यात काय-काय येते, ते समितीने वाचून फलकावर लावावे. आमचा सल्ला असा की ही मोफत वर्षे चालू असतानाच दोन्ही निधी जमा करायला लागा. इतर खर्च नसल्यामुळे तेव्हाच ते परवडते.

खारा वारा इमारतीचे काय करतो?

आरसीसी इमारतीच्या आत लोखंडी सळ्या असतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते भिंतीवर, खांबावर बसतात आणि ओलाव्याबरोबर बारीक भेगांतून आत शिरतात. सळीला गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. मग भेग मोठी होते, आणखी पाणी, आणखी मीठ आत जाते. शहराच्या आतल्या भागात ज्या दुरुस्तीला वीस वर्षे लागतात, ती किनाऱ्यालगत बरीच आधी दारात येते.

खुणा ओळखायला शिका. छतावर किंवा तुळईवर तपकिरी ओघळ, सळीच्या रेषेत सरळ जाणारी भेग, ठोकल्यावर पोकळ आवाज, गॅलरीच्या खालच्या बाजूने पडणारे तुकडे. अशा जागी वरून प्लास्टर मारून रंग देणे म्हणजे गंज झाकून ठेवणे. योग्य दुरुस्तीत सुटलेले काँक्रीट काढतात, सळी घासून स्वच्छ करतात, गंजरोधक लेप देतात आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरतात. ठेकेदाराच्या दरपत्रकात हे टप्पे वेगवेगळे लिहिलेले आहेत का, ते पाहा. फक्त “प्लास्टर व रंगकाम” लिहिले असेल तर स्वस्त दर पाहून होकार देऊ नका.

सळ्यांआधी इतर वस्तू जातात: लिफ्टचे दरवाजे, पंप, गच्चीवरील टाकीची झाकणे, अग्निशमन नळ, खिडक्यांच्या जाळ्या. हे सगळे पावसाळ्याआधी, मे अखेरपर्यंत तपासून घ्या. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. उंच इमारतीत हा कागद केवळ कागद नसतो.

नमुना उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करायची असते. किनाऱ्याजवळच्या सोसायटीने पंधरा वर्षे थांबावे असे आम्हाला वाटत नाही. सातव्या-आठव्या वर्षी एकदा अभियंत्याला बोलावून दाखवण्याचा खर्च नंतरच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

गळतीचा खर्च कोणाचा, हा वादही नेहमीचा. गच्चीतून, बाहेरील सामाईक नळातून किंवा पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. वरच्या घरातील मोरीमुळे खाली गळत असेल तर तो खर्च सोसायटीवर टाकता येत नाही, तो सभासदांचा.

समिती आणि सभा

100 सभासदांपर्यंतच्या सोसायटीत 11 जणांची समिती असते. त्यात दोन जागा महिलांसाठी आणि प्रत्येकी एक जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, तसेच भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी राखीव असते. मुदत पाच वर्षे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. सभेची सूचना पूर्ण 14 दिवस आधी लेखी मिळाली पाहिजे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला आलेला “उद्या मीटिंग, सगळ्यांनी यावे” हा संदेश म्हणजे सभेची सूचना नव्हे. चाळीत व्हरांड्यातून हाक मारली की मजला जमा व्हायचा. टॉवरमध्ये शेजारी आठवडाभर दिसत नाही, म्हणून सूचना फलक आणि लेखी पत्र यांना इथे जास्त महत्त्व आहे.

गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे शंभर घरांच्या इमारतीत वीस जणांचा निर्णय सर्वांवर बंधनकारक होतो. सभेला गेला नाहीत तर तुमचे महिन्याचे बिल इतरांनी ठरवलेले असेल.

सभेत जमाखर्च, दोन्ही निधींची बँकेतील शिल्लक आणि थकबाकीदारांची यादी मागा. हे मागणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे. सचिव-खजिनदार बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, विनामोबदला हे काम करतात. हिशेब दरवर्षी उघड मांडला गेला तर त्यांचेही रक्षण होते.

दूर राहणाऱ्या सभासदांसाठी

घर भाड्याने दिले असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. सेवा शुल्क 2,000 रुपये असेल तर कमाल 200 रुपये. घरात तुमचे आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा किंवा मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागत नाही. म्हणजे तुम्ही करोल बागेत आणि धाकटा भाऊ वरळीच्या घरात, अशी व्यवस्था असेल तर ते भरायचे नाही. मात्र योजनेतील घर ठरावीक वर्षे विकता येत नाही, आणि भाड्याने देण्याबाबतही अटी असू शकतात. ताबापत्र नीट वाचल्याशिवाय भाडेकरू ठेवू नका.

नामनिर्देशनाचा अर्ज ताबा मिळताच भरून सोसायटीची पोच घ्या. नामनिर्देशनामुळे नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हक्क वारसांचाच राहतो. पण अर्ज भरलेला असेल तर सभासदाच्या मृत्यूनंतर सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा हे स्पष्ट राहते. दोन भावांत एक खोली असेल, तर हे जिवंतपणी बोलून घेतलेले बरे.

तक्रार कुठे करावी?

आधी समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कागदपत्रे दाखवत नाहीत, सभा घेत नाहीत, लेखापरीक्षण झाले नाही, अशा तक्रारी उपनिबंधकाकडे जातात. इथे लाभार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील संस्थांसाठी प्राधिकरणाचे आणि म्हाडाच्या संस्थांसाठी म्हाडाचे स्वतंत्र निबंधक कार्यालय आहे, विभागातील नेहमीच्या उपनिबंधक कार्यालयातून अर्ज परत येऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्रावर कोणाची सही-शिक्का आहे, ते पाहून अर्ज करा. सोसायटीच्या कारभारातून निर्माण झालेले सभासद-सोसायटी वाद सहकार न्यायालयात, अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेकडे, आणि धमकी किंवा मारहाण झाली असेल तर थेट पोलीस ठाण्यात. प्रत्येक अर्जासोबत ताबापत्राची प्रत, शेवटचे भरलेले बिल आणि समितीला दिलेल्या अर्जाची पोच जोडा.