एकाच धाग्याची पाच गाऱ्हाणी

मी सुताचा दलाल. दक्षिणेतल्या गिरण्यांचं सूत इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना विकून द्यायचं, बाचक्यामागे ठरलेली दलाली घ्यायची आणि मागवाल्याचं पेमेंट गिरणीला वेळेवर पोचतंय ना, याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं, एवढं माझं काम. त्यामुळे कापसापासून शर्टापर्यंतच्या वाटेवरची सगळी माणसं कधी ना कधी माझ्या फोनवर येतात. सगळ्यांची तक्रार एकच असते: बाहेरच्या मालानं आम्हाला मारलं.

जरा खोदून विचारलं की कळतं, प्रत्येकाचा ‘बाहेरचा माल’ वेगळा आहे. शेतकऱ्याला अमेरिका-ब्राझीलचा कापूस नको. गिरणीवाल्याला तो कापूस हवा, पण परदेशी सूत नको. मागवाल्याला सूत कुठलंही चालेल, स्वस्त असलं म्हणजे झालं. चिनी कापड मात्र नको. गारमेंटवाल्याला ते चिनी कापड हवं, बांगलादेशी शर्ट नको. आणि गिऱ्हाईक म्हणून दुकानात उभं राहिल्यावर तुम्हाआम्हाला तो शर्टही चालतो, कारण खिशाला परवडतो.

वर्तमानपत्रात ‘वस्त्रोद्योगाची मागणी’ असा मथळा वाचला की मला म्हणूनच हसू येतं. वस्त्रोद्योग नावाचा एक धंदा नाहीच. शेती, सूत, विणाई, रंगाई आणि शिवणकाम असे पाच धंदे आहेत, आणि एकाचा पक्का माल तो पुढच्याचा कच्चा माल. एकाला संरक्षण दिलं की पुढच्याचा खर्च वाढतो. परदेशी स्पर्धेचं कोडं सुटत नाही ते यामुळे.

कापूस विदर्भाचा, शर्ट ढाक्याचा

आमच्याकडच्या साध्या पॉपलिनचा प्रवास बघा. कापूस विदर्भ-मराठवाड्यातला. जिनिंगमध्ये सरकी निघाली, गाठी बांधल्या की तो पुष्कळदा तमिळनाडूत जातो. कारण देशातल्या सूतगिरण्यांची मोठी दाटी कोइमतूर-दिंडीगुल पट्ट्यात, आणि तिथं कापूस पिकतो थोडा. सूत होऊन तो परत महाराष्ट्रात, आमच्या गावात येतो. इथं वार्पिंग, सायझिंग, वहिफणी होऊन बीम मागावर चढतो आणि कोरं कापड निघतं, त्याला आम्ही ग्रे म्हणतो. ते धुलाई-रंगाईला राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत अहमदाबाद-जेतपूरला जातं आणि तिथून शिवणाऱ्यांकडे. दर टप्प्याला ट्रकभाडं, व्याज, दलाली (त्यात माझीही आली) आणि वाया गेलेले दिवस. उलट चीनच्या झेजियांग प्रांतात शाओशिंग परिसरात विणाई, रंगाई आणि जगातल्या सर्वांत मोठ्या कापडबाजारांपैकी एक, हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. चिनी कापड स्वस्त का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

आता बांगलादेश. त्या देशात कापूस नावापुरता पिकतो. भारतीय सुती सुताचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक मात्र तोच. आपलं सूत तिकडे जातं आणि शर्ट होऊन युरोपात, काही प्रमाणात मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही येतं. २०११ मध्ये ढाका भेटीत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी बांगलादेशच्या ४६ कापडी वस्तूंना शुल्कमाफी जाहीर केली आणि ही वाट मोकळी झाली. आपल्या गारमेंटवाल्याचा वैरी तो आपल्या गिरणीवाल्याचा अन्नदाता, असा हा पेच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशानं भारतीय सूत जमिनीमार्गे घेणं थांबवलं. मागणी तिथल्या सूतगिरण्यांची होती. मे महिन्यात भारतानं उत्तर दिलं: बांगलादेशी तयार कपडे सीमेवरच्या नाक्यांवरून येणार नाहीत, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येतील. इकडच्या गारमेंटवाल्यांना बरं वाटलं. इकडच्या गिरणीवाल्यांना घोर लागला, कारण पोटावर पाय त्यांच्या आला होता. ढाक्यातही हेच उलटं झालं असणार. तिथल्या गिरण्या खूश आणि शिवणारे नाराज. भांडण दोन देशांचं दिसत होतं, पण दोन्हीकडे ते घरातल्या घरात चाललं होतं.

अकरा टक्के

संरक्षण म्हणजे काय, हे समजायला कापसावरचं आयात शुल्क पुरेसं आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर शुल्क लागलं, सगळं मिळून अकरा टक्के. शेतकऱ्यासाठी ते आधार होतं. गिरणीवाल्यासाठी तो बोजा होता, कारण व्हिएतनाम-बांगलादेशातल्या गिरण्या तोच कापूस बिनशुल्क घेत होत्या. २०२२ मध्ये भाव भडकले तेव्हा सरकारनं एप्रिलमध्ये शुल्क उठवलं आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला; तेव्हा निर्यातदारांना दिलासा म्हणून ते पुन्हा उठलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत.

नवा कापूस बाजारात येतो तो याच महिन्यांत. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. अमेरिकेच्या कराची झळ कारखानदारानं सोसायची की यवतमाळच्या शेतकऱ्यानं, असा तो प्रश्न होता. शेतकरी चिडले ते साहजिकच. गिरणीवाल्याचंही खोटं नव्हतं. कोइमतूरचे एक अण्णा मला म्हणाले, “दादा, शुल्क ठेवा नाहीतर काढा, पण मधेच बदलू नका. मी सहा महिन्यांचा सौदा कशाच्या भरवशावर करू?”

या भांडणामागचं मूळ कारण क्वचितच बोललं जातं. आपल्याकडे हेक्टरी जेमतेम साडेचारशे किलो रुई निघते. चीनमध्ये दोन हजार किलोच्या आसपास. उत्पादन इतकं कमी असलं की शेतकऱ्याला भाव चढा लागतो, आणि तो चढा भाव पुढच्या चौघांच्या गळ्याशी येतो. शुल्काच्या चाकात कितीही तेल घाला, गाडी रुतलीय ती शेतात.

जग पॉलिएस्टर घालतं

दुसरा घोळ तंतूचा. जगात वापरल्या जाणाऱ्या तंतूंपैकी कापसाचा वाटा आता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. बाकीचा बहुतेक वाटा पॉलिएस्टर, व्हिस्कोस अशा मानवनिर्मित तंतूंचा. खेळाचे कपडे, जॅकेट, मुलींचे टॉप, लेगिंग्ज, सगळं त्यातलं. आपला उद्योग मात्र अजून कापसाकडे झुकलेला. यात कापसावरच्या प्रेमापेक्षा करांचा भाग मोठा आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत मानवनिर्मित तंतूवर जीएसटी अठरा टक्के, सुतावर बारा आणि कापडावर पाच होता. मागवाल्यानं कच्च्या मालावर भरलेला कर विकताना वसूल होत नसे; परताव्यासाठी अर्ज करून वाट बघायची. लहान मागवाल्याचं खेळतं भांडवल त्यात अडकून पडायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू आणि सूत दोन्ही पाच टक्क्यांवर आले. उशिरा, पण योग्य झालं.

त्याआधी २०२३ मध्ये व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर तंतूंवर गुणवत्ता नियंत्रण आदेश आले. बाहेरचा माल भारतीय मानक ब्युरोचा परवाना असेल तरच आत येईल. नाव गुणवत्तेचं, परिणाम आयात आवळली जाण्याचा. व्हिस्कोसमध्ये देशात बडा उत्पादक जवळपास एकच, त्यामुळे तो म्हणेल तो भाव. आमच्या गावात रेयॉनचं कापड काढणारे तेव्हा माझ्याकडे रोज विचारायचे, “काय हो, सूत परत चढलं काय?” तंतू अडवला गेला, पण त्याच तंतूचं तयार कापड चीनमधून येतच होतं. दारातून धान्य येऊ द्यायचं नाही आणि खिडकीतून भाकरी येतेय, अशी गत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं हे आदेश मागे घेतले. कापडाच्या बाजूनं सिंथेटिक निटेड कापडावर मार्च २०२४ पासून किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली होती, कारण कागदावर कवडीमोल भाव दाखवून माल येत होता. अंकुश नेमका लागायला हवा होता तो या टोकाला.

बांगलादेशाला काय जमलं

“तिथं मजुरी स्वस्त” हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या गारमेंट कामगाराचं किमान वेतन महिना १२,५०० टका आहे. तेव्हाच्या विनिमय दरानं साधारण साडेनऊ हजार रुपये. आपल्यापेक्षा कमी, पण एवढ्या फरकावर एवढं साम्राज्य उभं राहत नाही.

खरी गोष्ट १९७९ पासूनची. श्रीमंत देशांनी १९७४ पासून कापडाच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. कोरियाचा कोटा भरला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीनं ढाक्याच्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला आणि सुमारे १३० जणांना पुसानला नेऊन शिवणकाम, कटिंग, मार्केटिंग शिकवलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. बांगलादेश सरकारनं दोन सोयी दिल्या: निर्यातीसाठीचं कापड बिनशुल्क बंदिस्त गोदामात आणायचं, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या तारणावर ते कापड उधारीत घ्यायचं. म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही कारखाना चालवू शकला. १ जानेवारी २००५ रोजी कोटे संपले, तेव्हा बांगलादेश बुडणार असं भाकीत अनेकांनी केलं होतं. तो बुडाला नाही. २००१ पासून युरोपात अतिगरीब देश म्हणून त्याला शून्य शुल्क होतं. आपल्या कपड्यांना नऊ-दहा टक्के पडत राहिले.

आपण त्याच काळात काय केलं? तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव ठेवले, थेट २००० च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत. हेतू गरिबांच्या रोजगाराचा. पण एका डिझाइनचे पाच लाख शर्ट तीन महिन्यांत मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे पन्नास मशिनांचा कारखाना उभाच राहू शकत नाही. बांगलादेशानं मोजलेली किंमतही नजरेआड करू नये. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून जास्त कामगार गेले. स्वस्त शर्टाचा तोही एक हिशेब आहे, आणि तो आपल्याला नको.

आमचं गाव

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळानं सुरू केला. आज गावात दोन युगं शेजारी शेजारी नांदतात. एका शेडमध्ये साधा माग, मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा फेकणारा. पलीकडच्या शेडमध्ये एअरजेट, मिनिटाला सहाशेच्या वर. ही आधुनिक यंत्रं बहुतेक जपान, बेल्जियम, इटली, चीनची. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा आणखी दोन प्रकारच्या मागांवरचं साडेसात टक्के आयात शुल्क काढलं. परदेशाशी स्पर्धा करायची ती परदेशी मागावरच, हे सरकारनंही मान्य केलं म्हणायचं.

पण साध्या मागावर काम करणारा खर्चीवाला असा आधुनिक माग घेऊ शकत नाही. सूत व्यापाऱ्याचं, तो फक्त मजुरीवर विणून देतो; त्याच्या हातात ना भाव ना बाजार. कर्जाला तारण म्हणून त्याच्याकडे भंगाराच्या भावाचे माग. आणि गावाकडे पुरेशी रंगाई नाही, कारण रंगाईला पाणी लागतं आणि सांडपाणी पंचगंगेत जातं. चांगली सामायिक सांडपाणी प्रक्रिया हा माझ्या मते इथं उद्योगाचा प्रश्न आहे, पर्यावरणाचा तर आहेच. ती झाली तर ग्रे राजस्थानला जाणं कमी होईल आणि फायद्याचा टप्पा गावात राहील.

मग करायचं काय

तंतूवर शुल्क शून्याजवळ, सुतावर थोडं, कापडावर जास्त, कपड्यावर सर्वांत जास्त, अशी चढती पायरी हवी. शेतकऱ्याला आधार द्यायचा तो हमीभावाच्या चोख खरेदीतून आणि चांगल्या बियाण्यातून. शुल्कातून दिला की त्याचं बिल खर्चीवाला भरतो. एकदा ठरवलेलं किमान तीन हंगाम बदलू नये. परदेशी दारं उघडायला करार लागतात. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेला करार लागू झाला की आपल्या कपड्यांवरचं बारा टक्क्यांपर्यंतचं शुल्क शून्यावर येण्याची वाट मोकळी होते. मात्र शून्य शुल्कावर मिळालेली ऑर्डर शिवायला मोठे कारखाने नसतील, तर दार उघडूनही आत जायला कुणी नसेल.

यात माझ्यासारख्या दलालाचं नुकसान आहे. गिरणी, माग आणि रंगाई एका आवारात आली तर मधल्या माणसाचं काम उरत नाही. तरी मी हेच सांगेन. आणि पुढच्या वेळी ‘वस्त्रोद्योगाला संरक्षण द्या’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा: पाचांपैकी कोणाला, आणि पैसे उरलेल्या चौघांपैकी कोण देणार?